कोसंबींची चार पाने : अंतर, गृहीतक आणि आनुवंशिकीचे गणित

प्रास्ताविक

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या महाविद्यालयांत वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या अर्थाने उच्चारले जाते. इतिहास विभागात ते १९५६ सालच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासविषयक ग्रंथाचे कर्ते असतात. संस्कृतचे प्राध्यापक त्यांना भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादक म्हणून ओळखतात. वनस्पतिशास्त्र किंवा कृषी महाविद्यालयात, पिकांच्या जनुकांचा नकाशा संगणकावर तयार करताना, विद्यार्थ्यासमोर दोन पर्याय येतात : हाल्डेन आणि कोसंबी. त्यांपैकी एकावर तो बोट ठेवतो आणि पुढे जातो. हे कोसंबी गोव्यातील कोसबेनचे, पाली पंडित धर्मानंदांचे चिरंजीव आणि पुण्यातील गणिताचे प्राध्यापक, याची त्याला बहुधा कल्पना नसते. इतिहासाच्या प्राध्यापकालाही दुसऱ्या खोलीतले कोसंबी क्वचितच भेटतात.

ज्या निबंधामुळे हे नाव आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत गेले, त्या निबंधाचे परीक्षण करण्याचा येथे प्रयत्न आहे. ‘द एस्टिमेशन ऑफ मॅप डिस्टन्सेस फ्रॉम रिकॉम्बिनेशन व्हॅल्यूज’ हे त्याचे शीर्षक. ‘ॲनल्स ऑफ यूजेनिक्स’ या इंग्रजी नियतकालिकाच्या १२ व्या खंडात, १९४४ साली, १७२ ते १७५ या पृष्ठांवर तो प्रसिद्ध झाला. म्हणजे अवघी चार पाने.

उर्दू-मराठीच्या अध्यापकाने गणिताच्या निबंधाचे परीक्षण का करावे, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, या निबंधातला प्रश्न मुळात नकलेचा प्रश्न आहे, आणि नकलांचा अभ्यास हा पाठचिकित्सेचा, म्हणजे आपल्या विषयाचा भाग आहे. दुसरे असे की, रक्त, वंश, टक्केवारी, धोका हे शब्द आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून आपल्या घरांत आणि स्टाफरूममध्ये पोहोचले आहेत. शब्द जिथे पोहोचतात तिथे भाषेच्या शिक्षकाची जबाबदारी सुरू होते.

पार्श्वभूमी

कोसंबी १९०७ साली जन्मले, १९२९ साली हार्वर्डमधून पदवीधर होऊन भारतात परतले आणि बनारसला शिकवू लागले. १९३१ साली ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. त्या वेळी तेथील गणित विभागाची धुरा आंद्रे व्हेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाकडे होती, आणि त्यांनीच कोसंबींना बोलावून घेतले होते. अलीगढचा हा काळ फार लांबला नाही. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी बारा-एक वर्षे शिकवले आणि १९४६ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९६६ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

प्रस्तुत निबंध फर्ग्युसनच्या काळातला आहे, आणि ही बाब आपल्यासाठी महत्त्वाची आहे. तेव्हा कोसंबी कोणत्याही मोठ्या संशोधन संस्थेत नव्हते. पदवीच्या वर्गांना गणित शिकवणारे ते प्राध्यापक होते, म्हणजे या अंकाच्या बहुतेक वाचकांसारखेच. याच वर्षांत ते प्राचीन आहत नाण्यांची वजने करून, वापराने नाणे किती झिजते याचे संख्याशास्त्र मांडत होते आणि भर्तृहरीची हस्तलिखिते ताडून पाहत होते. ही तीन वेगळी कामे आहेत, असे वरवर पाहता वाटते. परंतु तिन्हींत प्रश्नाची जात एकच आहे : आज जे हाती आले आहे त्यावरून, मध्ये काय घडले असावे याचा अंदाज कसा बांधायचा?

नकलेचा प्रश्न

निबंधाचा गाभा समजण्यासाठी दीवानाच्या नकलेचा दृष्टांत उपयोगी पडेल. एका शायराच्या दीवानाच्या दोन प्रती एका घरात आहेत, अशी कल्पना करू. एक आजोबांकडून आलेली, दुसरी आजीकडून. दोन्हींत गझलांचा क्रम एकच, पण अधूनमधून शब्दांचा पाठभेद आहे. कातिबाला नवी नक्कल करायची आहे. तो आजोबांची प्रत समोर घेऊन लिहू लागतो, मध्येच ती बाजूला ठेवून आजीची प्रत घेतो, आणि कधी पुन्हा पहिलीकडे वळतो. तयार झालेली नक्कल संपूर्ण असते, पण तिचा काही भाग एका प्रतीतून आणि काही दुसऱ्या प्रतीतून आलेला असतो.

माणसाच्या शरीरात थोड्याफार फरकाने हेच घडते. गुणसूत्रांच्या २३ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीत एक प्रत वडिलांकडून आणि एक आईकडून आलेली असते. पुढच्या पिढीला देण्यासाठी अंडपेशी किंवा शुक्रपेशी बनते तेव्हा या दोन प्रतींची मधल्या मध्ये अदलाबदल होऊन एक मिश्र प्रत तयार होते. आईकडून मुलाला जे गुणसूत्र मिळते ते अशा रीतीने नाना आणि नानी या दोघांच्या प्रतींतून उतरलेले असते. दृष्टांताची मर्यादा एवढीच की, कातिब आपल्या मर्जीने प्रत बदलतो आणि पेशीला मर्जी नसते.

आता पुष्कळ नकला समोर घेऊन आपण दोन शेर निवडले, आणि किती नकलांत हे दोन शेर वेगवेगळ्या प्रतींतून आले आहेत ते मोजले. शेर जवळजवळचे असतील तर ते बहुधा एकाच प्रतीतून आलेले असतील. दूर असतील तर मध्ये प्रत बदललेली असण्याची शक्यता वाढत जाते. फार दूर असतील तर निम्म्या नकलांत ते वेगळ्या प्रतींतले निघतील. या प्रमाणाला पुनःसंयोजनाचे प्रमाण म्हणतात, आणि ते साधारणतः निम्म्याच्या पुढे जात नाही. अमेरिकेत मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने १९१३ साली फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा याच मोजणीवरून काढला. त्यात जनुकांचा क्रम आणि त्यांच्यातील अंतरे, दोन्ही होती. अंतराच्या एककाला पुढे मॉर्गन यांचेच नाव मिळाले. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंटिमॉर्गन.

अडचण येथून सुरू होते. दोन शेरांच्या मध्ये कातिबाने एकदा प्रत बदलली आणि लगेच पुन्हा पहिली घेतली, तर दोन्ही शेर पहिल्याच प्रतीतले राहतात. मोजणाऱ्याला वाटते की मध्ये काहीच घडले नाही. म्हणजे जे घडले ते मोजणीत पूर्णपणे दिसत नाही. नकाशाला हवे असते ते घडलेल्या बदलांची सरासरी, आणि हाती येते ते दिसलेल्या बदलांचे प्रमाण. दिसलेल्यावरून घडलेल्याकडे कसे जायचे, हा कोसंबींच्या निबंधाचा विषय आहे.

तीन कातिब

कोसंबींपूर्वी या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे उपलब्ध होती. पहिले उत्तर अगदी भोळे : मध्ये दोनदा बदल होतच नाही असे मानावे, म्हणजे दिसलेले तेच घडलेले. हे उत्तर जवळच्या अंतराला चालते, दूरच्या अंतराला चालत नाही. दुसरे उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली दिले. त्यांचा कातिब विसराळू आहे. आताच प्रत बदलली हे त्याला आठवत नाही, त्यामुळे पुढच्याच ओळीला तो पुन्हा बदलण्याची शक्यता इतर कोठल्याही ओळीइतकीच असते. हे गणिताच्या दृष्टीने स्वच्छ आहे. परंतु फळमाशीवरील प्रयोगांतून असे दिसले होते की, एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या निकटच्या भागात दुसरी सहसा होत नाही. एक घटना दुसरीला अडवते.

कोसंबींचा कातिब तिसरा आहे. नुकतीच प्रत बदलल्यावर तो थोडा वेळ बदलत नाही. जसजसा पुढे जातो तसतसा मोकळा होतो. फार दूर गेल्यावर पूर्ण मोकळा असतो. मोकळेपण किती वेगाने वाढते, एवढेच सांगायचे राहते. कोसंबींनी सर्वांत साधी निवड केली : हे मोकळेपण पुनःसंयोजनाच्या प्रमाणाच्या दुप्पट मानावे. प्रमाण शून्य असताना मोकळेपण शून्य, प्रमाण निम्मे असताना मोकळेपण पूर्ण. दोन्ही टोके आपोआप जुळतात. या एका वाक्यावर बाकी सर्व गणित उभे आहे.

फरक आकड्यांत पाहू. अ आणि ब या जनुकांमध्ये पुनःसंयोजनाचे प्रमाण शेकडा १०, ब आणि क यांमध्ये शेकडा २० आहे, तर अ आणि क यांमध्ये किती असेल? पहिले उत्तर म्हणते ३०. हाल्डेन म्हणतात २६. कोसंबींचा नियम असा की, दोन्ही प्रमाणांच्या बेरजेला, एक अधिक दोन्हींच्या गुणाकाराची चौपट, याने भागावे. म्हणजे ०.३० भागिले १.०८, उत्तर सुमारे २७.८. आता उलट बाजूने पाहिले, तर शेकडा ३० प्रमाण दिसत असताना हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४५.८ सेंटिमॉर्गन येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३४.७. प्रमाण शेकडा १० असेल तर मात्र अनुक्रमे ११.२ आणि १०.१. जवळच्या अंतराला कोणाचेही ऐकले तरी फार बिघडत नाही; दूरच्या अंतराला ज्याचे गृहीतक त्याचा नकाशा.

परीक्षण

या निबंधाचा पहिला गुण म्हणजे त्याचे गृहीतक उघड्यावर आहे. ते एकच आहे, एका वाक्यात सांगता येते, आणि ज्याला ते पटत नाही त्याला नेमके तेवढेच नाकारून पुढे जाता येते. झालेही तसेच. पुढील संशोधकांनी मोकळेपणाचे वेगळे नियम मानून वेगळी सूत्रे काढली, आणि प्रत्येकाला कोसंबींपासून आपण कोठे वेगळे होतो हे बोट ठेवून सांगता आले. टीकेला अशी सोय करून देणे हे शास्त्रीय लेखनाचे मोठे लक्षण आहे, आणि ते आपल्या वाङ्मयीन संशोधनात अभावानेच आढळते. एखाद्या संतकवीचा काळ ठरवताना, किंवा दखनीतील एखादी रचना कोणाची हे सांगताना, आपण कोणते गृहीत धरले हे प्रबंधात शोधून काढावे लागते.

दुसरा गुण संक्षेपाचा. चार पानांत प्रश्न, गृहीतक आणि सूत्र येते. वीज किंवा संगणक न लागणारे, लॉगॅरिदमच्या कोष्टकावर चालणारे हे साधन होते. म्हणूनच ते शेतकी संशोधन केंद्रांपासून मोठ्या प्रयोगशाळांपर्यंत सर्वत्र गेले, आणि आठ दशकांनंतरही संगणकीय प्रणालींतून निघालेले नाही.

मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. मोकळेपण दुप्पट का, याला पेशीच्या रचनेतून दिलेले कारण नाही. दोन टोके ठाऊक होती, मध्ये सरळ रेष ओढली, असे त्याचे स्वरूप आहे. ती रेष सोयीची आहे, निरीक्षणांशी बऱ्यापैकी जुळतेही, पण ती निसर्गनियम नव्हे. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. हे सूत्र मुळात दोन जनुकांमधील अंतरासाठी आहे. तेच अनेक जनुकांच्या साखळीला एकाच वेळी लावले, तर काही घटनांची संभाव्यता शून्याहून कमी निघते. लिबरमन आणि कार्लिन यांनी १९८४ साली अशा सूत्रांची पद्धतशीर छाननी केली, आणि त्या कसोटीला कोसंबींचे सूत्र उतरत नाही. शून्याहून कमी संभाव्यता म्हणजे अर्थहीन उत्तर. अर्थात, ज्या कामासाठी साधन घडवले त्या कामाबाहेर ते वापरल्याचा हा परिणाम आहे. पण वापरणाऱ्याला ही सीमा ठाऊक असली पाहिजे.

तिसरी मर्यादा माणसाच्या संदर्भात येते. आइसलँडमधील कुटुंबांवरून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तपशीलवार नकाशात असे दिसले की, स्त्रीच्या पेशींतील एकूण नकाशा-अंतर पुरुषाच्या सुमारे १.६५ पट आहे. दोघांची सरासरी साधारण ३६०० सेंटिमॉर्गन. शिवाय अदलाबदल सर्वत्र सारखी होत नाही. काही लहान जागी ती वारंवार होते. म्हणजे आईचा कातिब आणि वडिलांचा कातिब वेगळ्या सवयीचे आहेत, आणि प्रत बदलण्याच्या त्यांच्या काही आवडत्या जागाही आहेत. एका वक्ररेषेत हे सर्व मावणार नाही.

माणसाच्या घरात

कोसंबींचा निबंध खास माणसाविषयी नव्हता. पण माणसाच्या आनुवंशिकीलाच अशा गणिताची गरज सर्वांत जास्त होती. माशीचे संकर हवे तसे घडवता येतात आणि तिला शेकडो पिल्ले होतात. माणसाचे विवाह संशोधकाच्या सोयीने होत नाहीत, मुले थोडी असतात आणि एक पिढी मोठी व्हायला पंचवीस वर्षे लागतात. त्यामुळे लहान लहान कुटुंबांतील तुटपुंजा पुरावा एकत्र जोडावा लागतो. ज्यूलिया बेल आणि हाल्डेन यांनी १९३७ साली रक्तस्राव आणि रंगांधत्व या दोन दोषांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळ आहेत हे अशाच कुटुंबांच्या वंशावळींवरून दाखवले. १९५५ साली न्यूटन मॉर्टन यांनी पुराव्याच्या वजनाचे एक माप रूढ केले. दहा अपत्यांत दोन्ही खुणा प्रत्येक वेळी बरोबरच उतरल्या, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक असते. एका कुटुंबात हे जमले नाही तर अनेक कुटुंबांची मापे बेरजेने जोडता येतात. हजारास एक ही पुराव्याची पायरी तेव्हापासून मान्य झाली. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांच्या मदतीने हंटिंग्टन रोगाची जागा १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर सापडली, आणि प्रत्यक्ष जनुक हाती यायला १९९३ साल उजाडले. नकाशावर गाव सापडल्यानंतरही घर शोधायला दहा वर्षे लागली.

या मार्गावरचे एक वळण आपल्या वाचकांच्या विशेष परिचयाचे आहे. चुलत, मामे, आते, मावस भावंडांचे विवाह आपल्या समाजात होतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत दक्षिण महाराष्ट्रात, बेळगाव परिसरात आणि कर्नाटकात अनेक हिंदू जातींतही आहे, आणि दक्षिणेत मामा-भाचीचे विवाहही होतात. अशा सख्ख्या चुलत किंवा मामे-आते भावंडांच्या अपत्यात, गुणसूत्रांच्या एकूण लांबीच्या सरासरी १/१६ भागात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. नकाशाच्या भाषेत सुमारे सव्वादोनशे सेंटिमॉर्गन. कातिबाच्या भाषेत, दोन्ही समोरच्या प्रती त्या भागापुरत्या एकाच जुन्या प्रतीच्या नकला असतात, आणि तिच्यात चूक असेल तर दुरुस्तीला दुसरा पाठ उरत नाही.

आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १९०२ साली अल्काप्टोन्यूरिया या दुर्मिळ विकाराच्या रुग्णांचे आईवडील अनेकदा सख्खी चुलत किंवा मामे-आते भावंडे असतात हे नोंदवले. माणसातील एखादा विकार मेंडेलच्या नियमाने उतरतो, याचे ते पहिले उदाहरण ठरले. १९८७ साली लँडर आणि बोटस्टाइन यांनी हीच गोष्ट शोधाचे साधन बनवली : नात्यातील विवाहांतून जन्मलेल्या रुग्ण मुलांत दोन्ही प्रती कोठे तंतोतंत सारख्या आहेत ते पाहा, म्हणजे दोषाची जागा तिथेच मिळेल. या पद्धतीने अल्काप्टोन्यूरियाची जागा १९९३ साली तिसऱ्या गुणसूत्रावर सापडली. हजारो लोकांची मोजणी करूनही जे मिळाले नसते ते मोजक्या कुटुंबांनी दिले.

येथे आकडा वाचण्याचा प्रश्न प्रत्यक्ष समोर येतो. कोणत्याही समाजात जन्मणाऱ्या बालकांपैकी शेकडा दोन-तीन बालकांत गंभीर जन्मजात दोष आढळतो. आई-वडील सख्खी चुलत भावंडे असतील तर त्यात शेकडा १.७ ते २.८ इतकी भर पडते, असा अंदाज अमेरिकेतील आनुवंशिक समुपदेशकांच्या संघटनेने २००२ साली दिला. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड येथील अभ्यासात, २०१३ साली, हे प्रमाण सुमारे तीनावरून सुमारे सहावर गेल्याचे दिसले. हा एकच आकडा दोन प्रकारे सांगता येतो. धोका दुप्पट होतो, हे खरे आहे. शंभरातील चौऱ्याण्णव मुले या दोषांपासून मुक्त असतात, हेही खरे आहे. पहिले वाक्य उचलणारा एका समाजाला लाजवण्यासाठी त्याचा उपयोग करतो, दुसरे उचलणारा प्रश्नच झाकून टाकतो. दोघेही सरासरीला व्यक्तीवर लादतात. ज्या घराण्यात एखादा विकार आधीच दिसला आहे, त्या घराण्याचा धोका सरासरीपेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. पिढ्यानपिढ्या नात्यात विवाह होत आले असतील तर १/१६ हा हिशेबही तोकडा पडतो. अशा घराला खानदानाचा अभिमान किंवा समाजाची बदनामी यांपैकी काहीच नको असते. त्याला लग्नाआधी समुपदेशन आणि थॅलेसेमियासारख्या विकाराची रक्ततपासणी हवी असते.

अंतर कोणाचे?

निबंध ज्या नियतकालिकात आला त्याच्या नावाकडेही दुर्लक्ष करता येत नाही. ‘यूजेनिक्स’ हा शब्द गाल्टन यांनी १८८३ साली घडवला. निवडक माणसांची संतती वाढवून मानववंश सुधारावा, हा त्याचा आशय. कार्ल पिअर्सन यांनी १९२५ साली हे नियतकालिक काढले. याच विचाराच्या आधारे अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता, आणि जर्मनीत १९३३ साली जे झाले ते जगाने पाहिले. १९५४ साली नियतकालिकाने आपले नाव बदलून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ केले. संख्याशास्त्रातील कित्येक मूलभूत निबंध जुन्या नावाखालीच छापले गेले आहेत, आणि त्यांत कोसंबींचाही आहे.

तरीही हा निबंध त्या नावाच्या हेतूत सामील होत नाही, आणि याचे कारण त्याच्या प्रश्नातच आहे. तो एका जनुकापासून दुसऱ्या जनुकाचे अंतर विचारतो. एका माणसापासून दुसऱ्या माणसाचे अंतर विचारत नाही. आपल्या देशात दुसऱ्या प्रकारची मोजणीही झाली होती. हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ साली बंगालच्या जातीजमातींची मापे प्रसिद्ध केली आणि नाकाची रुंदी वाढते तशी सामाजिक प्रतिष्ठा घटते असा नियम सांगितला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त तेच होते. मोजणी होती, सरासरी होती, कोष्टके होती. गृहीतक मात्र कोष्टकात आधीच बसलेले होते : जात म्हणजे वंश, आणि प्रतिष्ठेची उतरंड निसर्गातली. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली त्याच आकड्यांची फेरतपासणी करून दाखवले की, हा नियम हिंदुस्थानच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, बाहेर टिकत नाही.

रिस्ले आणि कोसंबी यांच्यात फरक गणिताच्या कौशल्याचा नाही, गृहीतक ठेवण्याच्या जागेचा आहे. कोसंबींचे गृहीतक वाचकाला नाकारता येते. रिस्ले यांचे गृहीतक निष्कर्षाच्या वेशात येते, म्हणून ते नाकारायला घुर्ये यांच्यासारखा अभ्यासक आणि चाळीस वर्षे लागली. आज वंशाची टक्केवारी सांगणारे अहवाल पैसे भरून मिळतात. ती टक्केवारी कोणत्या संदर्भगटांशी ताडून काढली, ते गट कोणी आणि कोणत्या नावाने ठरवले, हे प्रश्न न विचारता आपण ती वाचली, तर रिस्ले यांच्या वाचकांपेक्षा आपण पुढे गेलो असे म्हणता येणार नाही.

समारोप

कोसंबींनी १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीनशेहून अधिक हस्तलिखिते ताडून, सर्व शाखांत आढळणारे श्लोक एका गटात, काहींतच आढळणारे दुसऱ्या गटात, अशी त्यांनी विभागणी केली. कोणता श्लोक कोणत्या आधारावर कोठे ठेवला हे वाचकाला तपासता येते. १९४४ च्या चार पानांतील शिस्त आणि या ग्रंथातील शिस्त एकच आहे. मराठीत कोसंबींवर होणारी चर्चा प्रामुख्याने त्यांच्या इतिहासविषयक निष्कर्षांभोवती फिरते; ते मार्क्सवादी होते म्हणून कोणी स्वीकारतो, कोणी त्याच कारणाने नाकारतो. या चार पानांत स्वीकारण्या-नाकारण्याला असे लेबल चिकटवता येत नाही. म्हणून कोसंबींची पद्धत शिकायला ही चार पाने अधिक सोयीची आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

त्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयांत विज्ञान आणि भाषा या शाखांचे प्राध्यापक एकाच इमारतीत बसतात. या निबंधातील गृहीतक, वरील तीन आकड्यांचे उदाहरण आणि १/१६ चा अर्थ मराठीत व उर्दूत समजावून देणारा एक तास दोघांनी मिळून घ्यावा. गणिताच्या प्राध्यापकाने सूत्र मांडावे, जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने पेशी दाखवावी, आणि भाषेच्या प्राध्यापकाने ‘धोका’, ‘सरासरी’, ‘अंतर’, ‘वंश’ या शब्दांचा उपयोग तपासून द्यावा. वर्गातल्या काही मुला-मुलींची लग्ने येत्या चार-पाच वर्षांत ठरणार आहेत, त्यांतील काही नात्यातही ठरतील. त्यांच्या घरी हा विषय निघेल तेव्हा डॉक्टरने सांगितलेला आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे, हे विचारण्याइतकी तयारी त्यांची झालेली असावी.